तुला काय कळणार!

मुलुंडच्या आमच्या जुन्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट होतंय. शेजारी जो नवा टॉवर झालाय, तिथे म्हणे मांस-मच्छी खाणाऱ्यांना फ्लॅटच दाखवत नाहीत. त्यावरून फॅमिली ग्रुपवर रण माजलंय. मुलुंड आपलं राहिलं नाही, बाहेरच्यांनी गिळलं, वगैरे. मी एवढंच लिहिलं की इथे अमेरिकेत असं केलं असतं तर बिल्डर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसला असता. लगेच आतेभावाचं उत्तर आलं, "तू तिकडे डॉलर मोज. वस्ती बदलते म्हणजे काय होतं, तुला काय कळणार!"

मला कळणार नाही? अरे दादा, मी न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहते!

१९५४पर्यंत हे रॅरिटन टाऊनशिप होतं. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथली, म्हणून मग त्याचं नाव दिलं. गाव आपलं म्हणायला. तीसेक चौरस मैलांत पसरलेलं, रूट १, रूट २७ आणि २८७ या हमरस्त्यांनी उभं-आडवं चिरलेलं. चौक नाही, पार नाही. बाजारपेठ म्हणावी तर ओक ट्री रोड, पण तोही निम्मा शेजारच्या आयसलिनमध्ये. फोर्डचा कारखाना होता, तो २००४ला बंद पडला. मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कची गाडी आणि बऱ्या शाळा, एवढ्या भांडवलावर आपली माणसं येत राहिली. २०१०च्या जनगणनेत लाखभर वस्तीत २८ टक्के भारतीय वंशाचे निघाले. २०२०ला १,०७,५८८ लोकांत आशियाई निम्म्याहून जास्त. २०२२पासून महापौर सॅम जोशी. मुलुंड पूर्वेला एवढी उलथापालथ झाली असती, तर दादा उपोषणाला बसला असता.

बिल्डरचं मी उगाच नव्हतं लिहिलं. इथून तासाभरावर विलिंगबरो आहे. तिथे लेविट नावाच्या बिल्डरने घरांची अख्खी वसाहत उभारली आणि काळ्यांना विकणार नाही म्हणाला. १९६०मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला ते करू दिलं नाही. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. पुढे तिथून गोरे कसे भराभर घरं विकून गेले, तेवढं मात्र टाकलं नाही.

ओक ट्री रोडवर दुकानदार मला "आवो बेन" म्हणतो आणि मीही मोडक्या गुजरातीत खमणाचा भाव विचारते. हीच मी मुलुंडच्या बाजारात "मराठीत बोला" म्हणून हातातली पिशवी खाली ठेवणारी! आणि मच्छीचं म्हणाल, तर आम्ही सुरमई गॅरेजमध्ये तळतो. इलेक्ट्रिक शेगडी, शटर हातभर वर, दाराशी पंखा. पलीकडे पटेल राहतात. त्यांनी कधी चकार शब्द काढलेला नाही. आम्हीच आपले तळतो तिथे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला अपार्टमेंट्सचा प्रस्ताव आला, त्यात काही घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ आणि १९८३च्या माउंट लॉरेल निकालांमुळे प्रत्येक टाऊनशिपला अशा घरांचा आपला वाटा उचलावा लागतो. सुनावणीला मी गेले. माइकसमोर तीन मिनिटं मिळतात. शाळा आधीच भरल्यात, ट्रॅफिक वाढेल, असं सुरू केलं आणि शेवटी बोलून गेले, "या वस्तीचं वळण बिघडेल." मागच्या रांगेतला एक गोरा म्हातारा जोरजोरात मान डोलवत होता. नव्वदच्या दशकात इथल्या नवरात्रीच्या गरब्यावर टाऊनशिपने वेळेची बंधनं घातली होती, प्रकरण कोर्टात गेलं होतं. तेव्हाही हा कुठल्या तरी रांगेत बसून अशीच मान डोलवत असणार, असं मला वाटून गेलं. बाहेर पार्किंगमध्ये तो मुद्दाम थांबला आणि "छान बोललीस" म्हणाला. मी त्याला थँक्यू म्हटलं. घरी गाडी चालवताना कान गरम झाले होते.

दादाला यातलं काही सांगितलेलं नाही. आईच्या नावावरचा मुलुंडचा फ्लॅट आम्ही विकायला काढलाय, हेही नाही. सगळ्यात चढा भाव एका गुजराती कुटुंबाने दिलाय. दलालाचा रोज फोन येतो, "मॅडम, टोकन घेऊ का?"