कॉम्बीच कशाला?
बॉयलर बदलण्यावरच्या लेखात सरसकट सांगितलंय की घर तापवणारा जुना गॅस बॉयलर गेला की कॉम्बी (नळाचं पाणीही लागेल तसं लगेच तापवणारा, साठवणीची गरज नसलेला बॉयलर) लावा न् टाकी, गरम पाण्याचं सिलिंडर काढून टाका. इंग्लंडातल्या जुन्या घरांत हे एवढं सोपं नसतं हो. आमचं घर सत्तरच्या दशकातलं, माळ्यावर पाण्याची टाकी, कपाटात तांब्याचं सिलिंडर आणि लाकडी जमिनीखालचे पाइप कुठून कसे वळलेत देव जाणे. कॉम्बी म्हणजे बंद सिस्टीम, एक-दीड बार प्रेशर, टाकीच्या हलक्या दाबावर इतकी वर्षं निवांत चाललेले जॉइंट मग गळायला लागू शकतात, वर गॅसचा पाइपही बऱ्याचदा जाड टाकावा लागतो. आम्ही सरळ हीट-ओन्ली (टाकी-सिलिंडरसोबतच चालणारा साधा बॉयलर) घेतला, जुन्याच जागी. नवा पाइप फक्त कंडेन्सेटचा (धुरातल्या वाफेचं जे पाणी होतं ते), कारण 2005 पासून इथे कंडेन्सिंग बॉयलरच (त्या वाफेतली उष्णताही वापरणारा) लावावा लागतो (काही अपवाद सोडले तर). तो पाइप शक्यतो घरातूनच ड्रेनला न्या, बाहेरून नेलाच तर 32 मिमीचा आणि वरून इन्सुलेशन, नाहीतर ऐन थंडीत गोठतो आणि बॉयलर बंद!
पैसे वाचवायचेच तर फ्लशिंगवर (जुने पाइप-रेडिएटर आतून धुऊन काढण्यावर) वाचवू नका. आमचा रेडिएटर उतरवला तेव्हा शाईसारखं काळं पाणी आलं, तळाशी लोखंडाचा चिखल. तो नव्या बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये (पाणी तापतं त्या भागात) गेला तर संपलंच. हा चिखल पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर आणि गंज रोखणारं इनहिबिटर पाहिजेच.
आणि हो, गॅस सेफवाल्याचं (गॅसच्या कामासाठी नोंदणी असलेल्या कारागिराचं) कार्ड उलटून बघा, कुठली कामं करायची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं.