बेरिंग गेलं म्हणे, टाकून पाहू म्हणे!

चाकाकडून आवाज येतो म्हणून गाडी गॅरेजात नेली की पहिलं वाक्य हेच: "भाऊ, बेरिंग गेलं. टाकून पाहू." बेरिंग म्हणजे चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरतं ते. गाडी धड बंद झाली नसते, मिस्त्रीनं वाकून चाकाकडे पाहिलं नसतं, अन् निकाल तयार! टाकून पाहू म्हणजे काय राजेहो? मृगाची पेरणी आहे का, ढगाकडे पाहून बी टाकून द्यायला? बेरिंग टाकलं, आवाज तसाच. मग लिंक रॉड (चाकाजवळची सस्पेन्शनची बारीक दांडी) टाकून पाहू. मग लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा). शेवटी ब्रेकची डिस्क अन् तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेला मुरमाचा खडा निघतो, आणि तिन्ही सामानांचं बिल गाडीवाल्याच्या बोडक्यावर. चाक खोलून पेचकसानं तो पत्रा डिस्कपासून जरासा दूर केला की खडा खाली पडतो. सामान काहीच लागत नाही. पांदण रस्त्यानं अन् अर्धवट सोडलेल्या गिट्टीवरून फिरणारी गाडी असेल, तर चरचर आवाजाला पहिला संशय खड्यावरच घ्यायचा की नाही?

गाडीवालेही काही कमी नाहीत. "पुढून आवाज येते" एवढं बोलून चावी टेकवतात अन् चहाला निघून जातात. अरे, घूंऽऽ येतो की कटकट? सरळ चालताना की वळवताना? खड्ड्यात की गुळगुळीत रस्त्यावर? ब्रेकवर हलका पाय ठेवला की बंद होतो का? एवढं सांगितलं तरी अर्धं निदान झालं. हलक्या ब्रेकनं खडखड थांबत असेल, तर ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये (डिस्कला पॅडनं दाबणाऱ्या पकडीत) हलतात, त्यांच्या पत्र्याच्या क्लिपा पाहायच्या. शॉकअप उतरवायचं कारणच काय?

आता घूंऽऽ करणारा आवाज. मोकळ्या, सरळ रस्त्यावर साठच्या वेगात गाडी न्यूट्रल करायची, इंजिन चालूच ठेवायचं. आवाज तसाच राहिला तर तो चाकांकडचा, इंजिनाचा नाही. मग स्टिअरिंग हलकं डावीकडे, हलकं उजवीकडे. डावीकडे वळवताना वजन उजव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजव्या बेरिंगवर. आणि हे सगळं डांबरी रस्त्यावर करायचं. समृद्धी महामार्गाच्या सिमेंटवर टायर गातातच, ते ऐकून बेरिंग बदलणाऱ्यांना काय म्हणावं! टायरच करवतीसारखा झिजला असेल तरी हुबेहूब बेरिंगसारखा आवाज येतो. पुढचे टायर मागे, मागचे पुढे लावा. आवाज मागे गेला की गुन्हेगार सापडला. पावसाळ्यात तर काळी माती रिममध्ये थापून वाळते अन् सत्तरला स्टिअरिंग थरथरतं. रिम आतून धुवायची सोडून अलाइनमेंट, बॅलन्सिंग, बेरिंग, सारं करून झालेलं असतं!

जॅक लावून पाहायला दहा मिनिटं लागतात. काळ्या मातीत जॅक धसतो, म्हणून खाली जाड फळी. मागच्या चाकांना दगड. खाली हात घालायच्या आधी घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड. चाक वर-खाली धरून हलवायचं. खेळ, म्हणजे सैलपणा, लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेकनं खेळ गेला तर बेरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा). डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावरच खेळ लागत असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक). चाक घट्ट आहे पण आवाज येतोच? एक हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवा, दुसऱ्यानं चाक फिरवा. खराब बेरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना कळते. याला स्कॅनर लागत नाही, बावा!

पूर्ण वळवून रेस दिली की कट-कट-कट? तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला नेणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा जॉइंट. आपल्याकडे तुरीची धसकटं अन् पऱ्हाट्या त्या जॉइंटवरचा रबर बूट (रबरी टोपण) फाडतात. ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळं पसरतं, माती आत जाते, जॉइंटच्या गोळ्या झिजायला लागतात. बूट फाटलाय पण कटकट सुरू झाली नाही, तेव्हाच जॉइंट धुवून नवा बूट, नवं ग्रीस अन् पट्ट्या टाकल्या तर जॉइंट वाचतो. पण सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचा बूट वाकून पाहतो कोण? वरून पुसून, सेंट मारून परत!

बारीक खड्ड्यात खडखड असली तर लिंक रॉड. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टण्णकन उडत असेल तर शॉकअपवरचं माउंट.

आणि खरंच बेरिंग गेलेलं असलं, तरी पुढे हातोडा आहेच. नवं बेरिंग ठोकून बसवतात. मार गोळ्यांमधून जातो, गोळ्या फिरतात त्या खाचेवर खड्डे पडतात, अन् नवं बेरिंग थोड्याच दिवसांत घूंऽऽ करतं. मग म्हणायचं, "सामान डुप्लिकेट आलं." प्रेस लागते रे! नकलमध्ये (बेरिंग धरून ठेवणाऱ्या लोखंडी तुकड्यात) बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा, हब (ज्यावर चाक कसतात तो) बसवताना आतल्या कड्याला आधार द्यायचा. एक्सलचा नट नवा, अन् टॉर्क पान्यानं (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानं) कंपनीच्या मापावर कसायचा, पाईप लावून अंगाचा भार टाकून नाही. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बऱ्याच गाड्यांत बेरिंगची एक बाजू चुंबकी असते, ती सेन्सरकडेच यायला पाहिजे. उलटी बसली की डॅशबोर्डवर दिवा पेटतो. आणि मिस्त्री दिव्याकडे पाहून म्हणतो, "सेन्सर गेला भाऊ. टाकून पाहू."