दिवाळीच्या पहाटे गरम पाणी संपलं, त्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी आधी एकटीने वाचला, मग ह्यांना वाचून दाखवला. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देते. पुढे इथे, वेल्समधल्या आमच्या सुट्टीच्या भाड्याच्या घरात, यायचा विचार करणाऱ्या कुटुंबांनाही ते उपयोगी पडेल.

तुमच्या तक्रारी अशा: सासूबाईंची तळमजल्यावरची खोली रात्रभर गार होती. नरक चतुर्दशीच्या पहाटे सहाव्या माणसानंतर गरम पाणी संपलं आणि उरलेल्या आठ जणांना थंड पाण्याने अंघोळ उरकावी लागली. मुलांना फटाके उडवू दिले नाहीत. रस्ता अरुंद, मोबाइलला रेंज नाही, तेलाचे डाग पडलेल्या टॉवेलांचे पैसे कापले. आणि शेवटी, ‘मराठी माणसाचं घर म्हणून विश्वासाने आलो होतो’. हे शेवटचं वाक्य मला फार लागलं.

आधी सासूबाईंच्या खोलीचं सांगते, कारण ती चूक सरळसरळ माझी आहे. 27 ऑक्टोबरला, रविवारी पहाटे, इथली घड्याळं दरवर्षीसारखी हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली. फोनची आपोआप जातात, आमच्या बॉयलरचा टायमर जुना आहे, तो हाताने फिरवावा लागतो. तुम्ही सोमवारी आलात आणि तोवर मी तो फिरवलेला नव्हता. रात्री अकराला बंद व्हायचं हीटिंग त्यामुळे दहालाच बंद होत होतं. त्यात ती खोली उत्तरेच्या टोकाला, भिंती दोन फुटी दगडाच्या. असा दगड तापायला दिवस घेतो. तुमच्या आधी घर तीन रात्री रिकामं होतं, तेव्हा मी रविवारीच हीटिंग चालू करायला हवं होतं. ते सोमवारी दुपारी केलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना माझ्या घरात स्वेटर घालून झोपावं लागलं, याची मला मनापासून लाज वाटते.

आता पाण्याचं. आमच्या गावात गॅसची पाइपलाइन नाही. बाहेर टाकीत तेल भरून ठेवतो, त्यावर बॉयलर चालतो आणि तो 300 लिटरच्या सिलिंडरमधलं, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीतलं, पाणी तापवतो. एरवी चौदा माणसांना हे पुरतं, कारण कोणी सकाळी अंघोळ करतं, कोणी डोंगरावरून आल्यावर संध्याकाळी. पण अभ्यंगस्नान म्हणजे सगळ्यांनी सूर्योदयाआधी, तेल-उटणं लावून, निवांत. उटणं धुऊन निघेपर्यंत एकेकाला दहा मिनिटं सहज लागतात आणि तेवढ्यात टाकीतलं पन्नास-साठ लिटर कढत पाणी जातं. रात्रीची भांडी धुऊन टाकी आधीच थोडी रिकामी झालेली. पाणी तापायची वेळ सहाची, न फिरवलेल्या टायमरमुळे ती उलट पाचवर आली होती, पण तुम्ही साडेचारला उठलात. सहा जणांनंतर पाणी संपणारच होतं.

हा हिशेब मी तुमच्यावर ढकलायला सांगत नाही. तुमचं बुकिंग 28 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर होतं, गुरुवारी 31 तारखेला पहिली अंघोळ, हे मला बुकिंगच्या दिवशीच कळायला हवं होतं. इंग्रज पाहुण्यांच्या घरमालकिणीला ते सुचलं नसतं तर समजू शकतं. मी लहानपणी साताऱ्यात बंबाचं पाणी पुरवून पुरवून वापरलेली मुलगी आहे. मला सुचायला हवं होतं. वरच्या मजल्यावर कपाटात सिलिंडरशेजारी इमर्शन हीटरचा, म्हणजे टाकीतलं पाणी विजेवर तापवणाऱ्या कॉइलचा, लाल स्विच आहे. तो आदल्या रात्री झोपताना लावला असता तर पहाटे टाकी काठोकाठ गरम मिळाली असती. पाहुण्यांसाठी घरात ठेवलेल्या माहितीच्या फाइलमध्ये त्याची एक ओळ आहे, इंग्रजीत, अकराव्या पानावर. चौदा माणसांचा फराळ काढायच्या गडबडीत अकरावं पान कोण वाचणार? ते मी तोंडी सांगायला हवं होतं.

टॉवेलांचे कापलेले 40 पौंड परत केले आहेत. दिवाळीत येणाऱ्यांसाठी जुने गडद रंगाचे टॉवेल वेगळे काढून ठेवायला हवेत, तेही आता केलं आहे.

फटाक्यांबाबत मात्र मी माफी मागणार नाही, आणि पुढच्या दिवाळीलाही परवानगी देणार नाही. मुलांनी मला विचारलं होतं की मेंढ्यांच्या पाठीवर निळे-लाल डाग कशाचे. हे दिवस मेंढ्यांच्या जोडणीचे असतात. एडक्याच्या छातीला रंग लावतात, म्हणजे कोणती मेंढी फळली ते पाठीवरच्या रंगावरून ओळखू येतं. पाच महिन्यांनी, वसंतात कोकरं होतात आणि शेजारच्या शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न त्यांच्यावरच असतं. आवाजाने कळप उधळला तर कुंपणात अडकून मेंढ्या जखमी होतात. तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाईत नुसतं ‘नियम आहे’ म्हणाले, ते कोरडं वाटलं असेल. पणत्यांना माझी ना नव्हती. अंगणातल्या स्लेटच्या फरशीवर त्या लावल्यात आणि ते फोटो मला फार आवडले.

रस्त्याचंही थोडं. बर्मिंगहॅमकडून वेल्शपूल, मॅथ्लुइड करत डोल्गेथ्लाय गावापर्यंतचा रस्ता चांगला आहे. शेवटचे दोन मैल एकेरी गल्लीचे, समोरून ट्रॅक्टर आला की मागे जाऊन बगलेत थांबायचं. उजेडात हे काहीच नाही, पण घड्याळ बदलल्यावर इथे पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तुम्ही साडेसातला पोहोचलात. चारच्या आत पोहोचा असं कळवलं होतं, तरी लहान मुलांसह निघायला उशीर होतो हे मलाही ठाऊक आहे. यापुढे अंधारात येणाऱ्यांना आमचे हे गाडी घेऊन मुख्य रस्त्यावर घ्यायला येतील.

‘नुसता पाऊस, बघायला काही नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. पाऊस आहे, खरंच आहे, त्यातूनच इथली ओकची जंगलं शेवाळ्याने मखमली झालीत. गान्थ्लुइडच्या जंगलातला धबधबा ऑक्टोबरअखेर भरून वाहतो. ‘काळा धबधबा’ असाच त्याच्या वेल्श नावाचा अर्थ. 1965 मध्ये बंद झालेल्या रेल्वेमार्गावर आता डोल्गेथ्लाय ते बार्मथ अशी नऊ मैलांची सपाट पायवाट आहे, मौदाख नदीच्या मुखाला लागून. सासूबाईंना तिच्या सुरुवातीचा अर्धा मैल नक्की जमला असता, बाबागाडीही जाते. मुसळधार असेल त्या दिवशी ब्लाइनाय फेस्टिनियोगला स्लेटच्या खाणीत जमिनीखाली उतरता येतं. वायव्य वेल्समधला स्लेट-खाणींचा परिसर 2021 पासून जागतिक वारसा यादीत आहे. हे सगळं मी पहिल्या संध्याकाळी चहाबरोबर सांगते. तुम्ही दमून आला होतात, म्हणून किल्ली दिली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी डोकवायला हवं होतं.

चार रात्रींपैकी एका रात्रीचं पूर्ण भाडं तुमच्या खात्यात परत पाठवलं आहे, दोन-तीन दिवसांत जमा होईल. अभिप्राय बदला असं मी म्हणणार नाही, तुम्ही जे भोगलंत तेच लिहिलंत. टायमर बदलून स्वतः वेळ जुळवणारा बसवला आहे आणि उत्तरेच्या खोलीत वेगळा तेलाचा हीटर ठेवला आहे. लाल स्विचची सूचना मराठीत लिहून न्हाणीघराच्या दारावर लावली आहे.

तुमची हरकत नसेल तर सासूबाईंना मी स्वतः फोन करीन. त्यांना माझा नमस्कार सांगा.