‘भाबड्यांचा दिलासा’ या शब्दांना उत्तर

स. न. वि. वि.

नाताळच्या आध्यात्मिक अर्थावरील माझ्या लेखावर आपण लिहिता की, २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाही, ती रोमन सूर्यदेवाच्या उत्सवावरून घेतली, झाड व सजावट युरोपातून आली आणि ‘गोठ्यातल्या बाळाची गोष्ट हा भाबड्यांचा दिलासा आहे’.

आपली एक दुरुस्ती मला मान्य आहे. बाळ येशूला भेटायला आलेल्यांना मी ‘तीन राजे’ असे लिहिले होते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ते मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत आणि त्यांची संख्या दिलेली नाही, सोने, ऊद व गंधरस या तीन भेटींवरून ती तीन धरली गेली. लेखात बदल केला आहे. तारखेचे म्हणाल, तर रोममध्ये २५ डिसेंबरची नोंद ३३६ सालची सापडते आणि आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीला हा सण पाळते. पण माझ्या लेखातले एकही वाक्य तारखेवर उभे नव्हते. झाडाविषयी तर बोलायलाच नको.

राहिला ‘भाबडे’ हा शब्द. तो आपण किती सहज लिहून गेलात! माझे वडील नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू होते. आमच्या घरामागच्या गोठ्यातली गव्हाण दगडमातीची होती. गुरांनी चाटून चाटून तिचा काठ गुळगुळीत झाला होता, तळाशी ओल्या चाऱ्याचा आंबूस वास असे आणि उरलेली कडब्याची ताटे हाताला बोचत. मी आठ वर्षांचा असताना, एका नाताळच्या आदल्या संध्याकाळी, वडिलांनी माझा हात धरून त्या गव्हाणीत फिरवला आणि “इथं ठेवलं होतं त्याला,” एवढेच ते म्हणाले. ख्रिस्ती विश्वासाचा गाभा मला त्या क्षणी हाताला लागला. ‘शब्द देही झाला’ असे योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो, ‘शब्द’ म्हणजे ख्रिस्त, आणि ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले असे प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात लिहितो. म्हणजे देवाने माणसाचे सोंग घेतले नाही, तो भुकेला, थंडीने कुडकुडणारा, दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून असलेला जीव झाला. ३२५ साली निकीया येथे धर्माध्यक्ष जमले तेव्हा वाद याच गोष्टीचा होता, की गव्हाणीत निजलेला तो खरोखर देव, की देवाने निर्माण केलेला कोणी श्रेष्ठ जीव. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय त्यांनी दिला. त्यांनाही आपण भाबडे म्हणणार का? दोन ओळी खरडण्यापूर्वी एवढे वाचण्याची तसदी आपण घ्यायला हवी होती.

आता ‘दिलासा’. माझा धाकटा भाऊ १९ डिसेंबरला वारला. त्या वर्षी आईने करंज्या केल्या नाहीत, दाराला तारा लावला नाही, पण २४ तारखेच्या रात्री ती उपासनेला आली आणि शेवटच्या बाकावर बसली. लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायाचे वाचन ‘त्यांना उतारशाळेत जागा नव्हती’ इथे आले तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. हा दिलासा होता हे मी नाकारत नाही. भाबडा मात्र तो नव्हता, कारण त्या बाळाची वाट कालवरीच्या वधस्तंभाकडे जाते हे तिला पाठ होते. त्याच अध्यायात पुढे वृद्ध शिमोन येशूच्या आईला, मरीयेला सांगतो, की तुझ्या स्वतःच्याही जिवातून तलवार भोसकून जाईल. आईचे बायबल आता माझ्याकडे आहे. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात भावाच्या मृत्यूची तारीख.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, त्यातला तो शब्दही नाही. पुढच्या वेळी असहमती जरूर कळवावी, पण माझ्या माणसांच्या श्रद्धेला नाव ठेवण्याआधी ती काय आहे हे विचारावे.