मालिका लिहायचीय? आधी फोनवरचा सीन शिका

मालिकालेखन करावं असं तुमच्या मनात आलंय, हे फार बरं झालं. महाराष्ट्रात रोज संध्याकाळपासून रात्री साडेदहापर्यंत लाखो घरांमधल्या टीव्हीत सासवा-सुनांना बोलायला शब्द लागतात. ते कुणीतरी आदल्या रात्री, कधी त्याच दिवशी सकाळी लिहिलेले असतात. ते कुणीतरी तुम्ही का असू नये?

त्यासाठी काय वाचावं, असं विचारणार असाल तर मात्र जपून. वाचनाने या धंद्यात नुकसानच होतं. माणूस वाचायला लागला की त्याला नवी पात्रं सुचतात. पात्र आलं की कलाकार आला, त्याचं रोजचं मानधन आलं, मेकअप रूमची वाटणी आली, गाडी आली. तुम्हाला सुचलेला, गावाकडून आलेला मिश्कील म्हातारा मामा निर्मात्याला फक्त खर्चाच्या रकान्यात दिसतो. नवं माणूस आणण्यापेक्षा असलेल्या माणसाचा जुळा भाऊ आणा. मानधन एकच, ट्रॅक, म्हणजे कथेचे धागे, दोन.

कामाची वाटणी आधी समजून घ्या. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. नवीन माणसाला संवाद मिळतात, कारण ते सगळ्यात शेवटी लिहायचे असतात आणि सेटवर उशीर झाला की सगळे शेवटच्या माणसाकडे बघतात. तुमच्या हातात येतं ते असं: ‘सीन 4. हॉल. दिवस. मालतीला सत्य कळतं. ती कोसळते.’ सत्य कुठलं, ते चॅनेलच्या मीटिंगमध्ये अजून ठरायचंय. युनिट मात्र लाइट लावून बसलंय. घाबरू नका, लिहा: ‘हे... हे खरं आहे?’ ‘हो वहिनी.’ ‘म्हणजे इतके दिवस तुम्ही सगळे...’ ‘आम्हाला तुला सांगायचं होतं गं, पण...’ ‘नाही! मला काहीही ऐकायचं नाहीये!’ झाला सीन. घरातल्या सात माणसांवर कॅमेरा तीन-तीनदा फिरला की तेवढ्यात अडीच मिनिटं निघतात. सत्य पुढच्या आठवड्यात ठरलं तरी या सीनला धक्का लागत नाही. मी तर म्हणतो, ते ठरलंच नाही तर जास्त बरं.

यापेक्षाही मोलाची विद्या म्हणजे फोनवरचा सीन. सकाळी सातला फोन येतो की आत्याची भूमिका करणाऱ्या बाई आजारी आहेत, चार दिवस येणार नाहीत, आणि आज त्यांचे सहा सीन लागलेत. अशा वेळी हातपाय गाळणारा माणूस कादंबरीकार होतो. मालिकेचा लेखक आत्याला देवदर्शनाला पाठवतो आणि सुनेच्या हातात मोबाइल देतो. ‘हॅलो आत्या! काय म्हणता, पोचलात गाणगापूरला? ... काय? त्या कागदांवर सही करू नको म्हणता? ... कोण? बाबांचा जुना भागीदार? तो परत आलाय?’ आत्याचे सगळे संवाद सुनेच्या तोंडून प्रश्न होऊन बाहेर पडतात. बाईंना विश्रांती मिळाली, शूटिंग वाचलं आणि गाणगापूरची पुण्याईही पदरात पडली. फक्त एक करा, आत्याला नेटवर्क नसलेल्या जागी पाठवू नका. प्रेक्षक पत्र लिहीत नाहीत आता, पण इन्स्टाग्रामवर विचारतात.

नॅरेशनला, म्हणजे चॅनेलला कथा ऐकवायला, गेलात की तुमची गाठ एका काकूंशी पडेल. त्या खोलीत नसतात, पण सगळे निर्णय त्याच घेतात. ‘सर, कमाल आहे. फक्त आपल्या सांगलीच्या काकूंना हे कळेल का?’ असं एसीत बसलेला तरुण क्रिएटिव्ह विचारेल. तो सांगलीला कधी गेलेला नसेल, आणि सांगलीच्या काकू ग्रंथालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणत असतील, पण तो वाद काढू नका. काकूंबद्दल एकच गोष्ट खरी आहे आणि तेवढी मात्र मनापासून शिका: त्या मालिका बघत नाहीत, ऐकतात. टीव्ही हॉलमध्ये आणि काकू ओट्यापाशी, पाठमोऱ्या, मेथी निवडत. त्यामुळे पडद्यावर नुसतं दिसून काही उपयोग नाही, ते कुणीतरी बोलायला हवं. नायिकेला कपाटात पत्र सापडलं तर तिने ते मोठ्याने वाचलं पाहिजे. दारात कुणी आलं की ‘अनिकेत, तू? या वेळी? आणि तेही त्या संध्याला घेऊन?’ असं झालंच पाहिजे. लोक याला बाळबोध म्हणून हसतात. हसू द्या. कुकरच्या शिट्टीवरून ऐकू जाईल असं वाक्य त्यांनी एकदा लिहून दाखवावं.

आता स्वतःची कथा. ती असेलच तुमच्याकडे, सगळ्यांकडे असते. ती पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आत, पूर्ण आणि तोंडी सांगून टाका. आधी ईमेल करणं, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवणं वगैरे प्रकार अविश्वास दाखवतात आणि आपल्यात तसं काही नसतं. शिवाय आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच सांगून ठेवलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो. म्हणजे तोंडी सांगितलेली एका ओळीची कल्पना हवेत सोडलेल्या फुग्याइतकीच तुमची. सहा महिन्यांनी तीच गोष्ट प्रोमोत दिसली तर निदान आपल्याला सुचतं ते चालतं, एवढं समाधान बाळगा.

बहुतेक वेळा ती भीतीही नसते, कारण तुमची कथा नकोच असते. ‘हे बंगालीत चाललंय का?’ हा खरा प्रश्न. ‘श्रीमोयी’ ही बंगाली मालिका 2019 साली आली, त्याच वर्षी डिसेंबरात ती मराठीत ‘आई कुठे काय करते’ झाली आणि 2020 मध्ये हिंदीत ‘अनुपमा’. एकच बाई, एकच नवरा, भांडणंही तीच, फक्त जेवणातला मासा बदलला. हिंदीत तर तोही गेला. यात वाईट काही नाही, उलट सोय आहे. तिकडे जे प्रेक्षकांना रुचलं नाही ते इकडे आधीच गाळता येतं. तुमच्या स्वतःच्या कथेत ही सोय कुठे?

गुरुवार हा उपासाचा वार. कुठली मालिका किती बघितली जाते ते मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात. देशात टीव्ही असलेली घरं 20 कोटींच्या वर आणि मीटर बसवलेली घरं पन्नास हजारांहून थोडी जास्त. ही थोडी घरं गेल्या आठवड्यात काय बघत होती, त्यावर मालतीचं लग्न टिकणार की मोडणार ते ठरतं. आकडे वर गेले की ‘आपला ट्रॅक चालला’, खाली आले की ‘लिखाण सैल पडलंय’. त्या आठवड्यात क्रिकेटचा सामना होता किंवा अर्ध्या जिल्ह्यात वीज नव्हती, असली कारणं लेखकाच्या तोंडी शोभत नाहीत. चार गुरुवार सलग वाईट गेले की लीप घ्या, म्हणजे कथा एकदम काही वर्षं पुढे न्या. मुलं मोठी होतात, नवरा कानांवर पांढरे केस लावून येतो आणि बायकोच्या वयाला मात्र एक दिवस लागत नाही.

कथेचं काहीच सुचत नसेल तर भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून घ्या. संक्रांतीला काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, त्यातला एक हरवलेला. वटपौर्णिमेला दोघीजणी एकाच वडाला, एकाच नवऱ्यासाठी. मंगळागौरीला फुगडी घालताना घेरी, मग डॉक्टर, मग गोड बातमी किंवा गोड बातमीचा गैरसमज. गौरी-गणपतीत घरात आलेला अनोळखी पाहुणा विसर्जनापर्यंत पुरतो. हॉलच्या बाहेर मात्र शक्यतो पडू नका. हॉलमध्ये लाइट लागलेले असतात; अंगणात गेलं की पुन्हा लावावे लागतात आणि त्यात तास जातो. मराठी कुटुंबाचे सगळे जन्म-मरणाचे निर्णय सोफ्याभोवती उभं राहूनच का होतात, याचं उत्तर समाजशास्त्रात शोधू नका.

कधीकधी मात्र सरकारच तुम्हाला घराबाहेर काढतं. एप्रिल 2021 मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरणं थांबली, तेव्हा अनेक मराठी मालिका रातोरात गोव्याला गेल्या. मेमध्ये गोव्यानेही परवानगी काढून घेतली आणि सगळ्यांना पुन्हा बस्तान हलवावं लागलं. पुण्याच्या वाड्यात भांडत असलेलं अख्खं कुटुंब, आजीसकट, अचानक नारळीच्या झाडांखाली कसं आलं, हे कुणाला तरी लिहावं लागलं ना? कुणी कुलदैवताला गेलं, कुणी मित्राच्या बंगल्यात लपलं. त्या दिवसांत मालिकांना जे लेखन लागलं त्याला पुरस्कार द्यायला हवे होते. पुरस्कार नायिकेच्या मंगळसूत्राला मिळाला असेल.

आता पैसे. हा विषय शेवटी काढायचा असतो, खरं तर काढायचाच नसतो. भागाचे पैसे भागागणिक, आणि तेही लिहून झाल्यावर लगेच नव्हे, साधारण 90 दिवसांनी. पहिले तीन महिने तुम्ही हवेवर जगता आणि तुमच्या सीनमधली माणसं रोज श्रीखंड-पुरी खातात. पाच वेळा बदलून लिहिलेला भाग हिशोबात एकच. लिहून ठेवलेला ट्रॅक गुरुवारच्या आकड्यांनी रद्द झाला तर तो तुमच्या रियाजात धरा. कराराची पानं चाळू नका, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली असते. 2012 सालच्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने लेखकाच्या स्वामित्वधनाचा हक्क करारातून सोडून देता येणार नाही असं ठरवलंय, हे फुलीच्या बरोबर वर सांगायला गेलात तर लोक आदराने तुमच्याकडे बघतील आणि दुसऱ्या लेखकाला फोन लावतील. 2023 मध्ये अमेरिकेतले पडद्यासाठी लिहिणारे लेखक 148 दिवस संपावर गेले होते. आपल्याकडे लेखक 148 मिनिटं फोन उचलत नसेल तर दुपारचे सीन तिसरंच कुणीतरी लिहितं आणि काकूंना फरक कळत नाही. कळतो, पण त्यांना कुणी विचारत नाही.

नावाचाही हट्ट नको. ‘जंजीर’च्या वेळी, 1973 साली, पोस्टरवर नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी रंगारी लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं लिहवून घेतली होती. आता होर्डिंगं एलईडीची. त्यांना रंग धरत नाही. मालिकेत तुमचं नाव शीर्षकगीत चालू असताना येतं, आणि शीर्षकगीत वेळ वाचवायला पहिल्या दोन आठवड्यांनंतर कापतात. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका 2001 ते 2013 अशी चालली, तीन हजारांहून अधिक भाग. सासूचं नाव घराघरात माहीत होतं. लेखकांचं नाव विचारून बघा कुणाला तरी.

आणि एक दिवस तुमचीही मालिका संपते. ती संपणार हे तुम्हाला वर्तमानपत्रातून नाही तर स्पॉटदादाकडून कळतं. हाताशी सहा भाग असतात. तीन वर्षं विष कालवणाऱ्या जाऊबाईंना पश्चात्तापासाठी शनिवारी साडेतीन मिनिटं मिळतात, त्यात त्या रडतात, माफी मागतात आणि मोदकही वळतात. बाकीचा वेळ नव्या मालिकेच्या प्रोमोला लागतो. शेवटच्या दिवशी केक कापतील, सेल्फी काढतील, तेव्हा कलाकारांच्या घोळक्यात घुटमळू नका. सरळ कलादिग्दर्शकाचा नंबर घ्या. तो सोमवारी तोच वाडा पुन्हा रंगवायला घेणार असतो, त्यामुळे पुढची मालिका कुणाची आणि घर श्रीमंताचं की चाळीतलं, हे त्याला आधी कळतं. लेखकाला कथा सुचायच्या आत त्या घराचे पडदे शिवून आलेले असतात.