भूपातला मध्यम आणि मेलेली सासू

गेल्या वर्षी मी दोन ठिकाणी नाव घातलं. एक गाण्याचा क्लास, दुसरी लेखन कार्यशाळा. वय त्रेपन्न. (नवरा म्हणाला, "आता विशारद होणार का?" होईन की!)

एप्रिल-मेच्या सत्रात गाण्याच्या बाईंनी मला गांधर्व महाविद्यालयाच्या 'प्रारंभिक'ला, म्हणजे अगदी पहिल्या परीक्षेला बसवलं. बाहेर बाकावर तिसरी-चौथीतली पोरं पाय हलवत बसलेली. एकीने विचारलं, "आजी, नातीला घेऊन आलात?" म्हटलं, नाही गं, परीक्षा माझीच आहे. तर मला धीर देत म्हणते, "घाबरू नका, अलंकार चुकला तर परत म्हणू देतात." (अलंकार म्हणजे स्वरांचे पलटे.)

आत वयाची सूट नव्हती. भूप रागाची सरगम म्हणताना माझा चक्क मध्यम, म्हणजे 'म' लागला, जो या रागात घ्यायचाच नसतो. भूपात मध्यम! परीक्षकांनी हातानेच थांबवलं, "म वर्ज्य आहे ना? पुन्हा घ्या." दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, टाळी सुटली, तेही सांगितलं. पास झाले, जेमतेम. पण आपलं नेमकं कुठे चुकतं ते कळलं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथून चालत आलेली ही शिस्त. आठ वर्षांच्या पोरीला आणि मला पायरी सारखीच उंच.

आता कार्यशाळा. ऑनलाइन, आठ रविवार, साडेतीन हजार रुपये. प्रत्येकाने वाचायचं, बाकीच्यांनी चॅटवर लाल बदामाची चित्रं पाठवायची. माझ्या कथेत सासू दुसऱ्या पानावर वारते आणि चौथ्या पानावर चहा टाकते. एकाच्याही लक्षात आलं नाही! "काळजाला भिडलं ताई." मार्गदर्शकही म्हणाले, छान, लिहीत राहा. शेवटच्या रविवारी प्रमाणपत्र, आणि सोबत 'प्रातिनिधिक संग्रहा'चं आमंत्रण. पानामागे पैसे भरायचे.

खोटं कशाला बोलू, बदाम मलाही आवडले. आम्हा मोठ्यांना शिकायला येताना कौतुकच हवं असतं आणि क्लासवाले तेच विकतात. चूक दाखवली तर ताई पुढच्या बॅचला येणार नाहीत, ही भीती.

आणि वाचन? पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय मिळून सिनेमाच्या रसास्वादाचं शिबिर घेत आले. नोकरदार माणसं रजा टाकून जायची, आठवडेच्या आठवडे सिनेमे बघायची, त्यावर भांडायची. दिग्दर्शक करून सोडतो असं कुणी सांगत नसे. आधी बघायला शिका, एवढंच. लिहिणाऱ्यानेही तसंच आधी वाचायला शिकायला हवं. आमच्या आठ रविवारांत दुसऱ्या कुणाची एक कथासुद्धा ओळीने वाचली गेली नाही. सगळे लेखक. मग सासू मेलीय हे दिसणार कुणाला?

कथा पुन्हा लिहायला घेतलीय. सासूला चौथ्या पानापर्यंत जिवंत ठेवलंय, चहा पिऊन जाईल. कुणी खरंच ओळ न् ओळ वाचणार असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. लाल पेन माझ्याकडून.