वासराचं पोट भरल्यावर ‘उरलेलं’ दूध

एक मजकूर सतत मोबाइलवरून फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: ‘मांसासाठी जीव घ्यावा लागतो, दुधासाठी नाही. वासराचं पोट भरल्यावर उरलेलं दूध आपण घेतो. ते काढलं नाही तर गाईलाच त्रास होतो. आपल्याकडे गाय कापत नाहीत. दूध सोडा म्हणणं हे परदेशी खूळ आहे. त्याने शेतकरी बुडेल आणि माणसं आजारी पडतील.’ हा मजकूर पाठवणारे बहुतेक लोक जनावरांवर माया करणारेच असतात. म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य गोठ्यात नेऊन तपासायला हवं.

‘वासराचं पोट भरल्यावर उरलेलं.’ गोठ्यातला क्रम नेमका उलटा आहे. वासराला आधी सोडतात ते पान्ह्यासाठी. त्याने कासेला ढुशा दिल्या, सड तोंडात धरला की गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक येतं आणि दूध उतरतं. हा परिणाम जेमतेम पाच-सात मिनिटं टिकतो. त्यामुळे पान्हा आला की वासराला ओढून बाजूला बांधतात, धार काढतात आणि मग शेवटच्या धारांसाठी पुन्हा सोडतात. उरलेलं दूध वासराच्या वाट्याला येतं. पंधरा लिटर देणाऱ्या होल्स्टिन संकरित गाईच्या वासराला पोटभर मिळणं शक्य असतं, पण या गाई वासराशिवायही पान्हवतात, म्हणून मोठ्या गोठ्यांत वासरू जन्मल्यावर लगेच वेगळं करून बाटलीवर किंवा बादलीवर वाढवतात. देशी गाय आणि म्हैस सहसा वासराशिवाय पान्हवत नाही. वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते आईपुढे उभं करण्याची रीत यातूनच आली.

चिकाचं बघा. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक प्रथिनं गर्भापर्यंत पोचत नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडे संरक्षण जवळपास नसतं. ते चिकातून मिळतं. आतड्याची ही प्रथिनं जशीच्या तशी शोषण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते आणि साधारण 24 तासांत संपते. 25 ते 30 किलोच्या वासराला या वेळात अडीच ते तीन लिटर चीक पोटात जायला हवा. तो कमी पडला की पुढच्या दिवसांत हगवण आणि न्यूमोनिया गाठतात. भरपूर दुधाच्या गाईचा चीक वासराला पुरून उरू शकतो, हे खरं. पण पहिल्या दिवसाचा घट्ट चीक खरवसासाठी बाजारात जातो, तेव्हा वासराला मोजून किती पाजला याची चौकशी कोणी गिऱ्हाईक करत नाही.

‘दूध काढलं नाही तर गाईला त्रास होतो.’ दुभत्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईची धार अचानक थांबवली तर कास ताठते, ठणकते, कासदाह होऊ शकतो. इतकं बरोबर. पण गाय बारा महिने आपोआप दूध देत नाही. त्यासाठी तिला व्यावं लागतं. गर्भकाळ सुमारे 280 दिवसांचा, म्हशीचा 310. वर्षाला एक वेत मिळावं म्हणून व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांत तिला पुन्हा गाभण करतात. म्हणजे बराच काळ ती एकीकडे दूध देत असते आणि दुसरीकडे गाभण असते. व्यायच्या 60 दिवस आधी तिला आटवतात: खुराक कमी करायचा, धारा थांबवायच्या, सडांत प्रतिजैविकाची नळी सोडायची. काही दिवस कास फुगलेली राहते, मग दूध शरीरातच जिरतं. धार थांबवण्याची ही पद्धत प्रत्येक दूधउत्पादकाला येते. आणि दोन वेळा कास रिकामी करावी लागण्याइतकं दूध तयार होतं ते पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीमुळे. सोलापूर-सांगलीकडच्या खिलार गाईला एका वासरापुरतं, वर थोडंसं, एवढंच दूध असतं. अतिदूधाची किंमत शरीर मोजतं. व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून दुग्धज्वर होतो; गाय बसते, मान कुशीकडे वळवते, आणि शिरेतून कॅल्शियम वेळेवर मिळालं नाही तर दगावते.

‘आपल्याकडे गाय कापत नाहीत.’ या वाक्यातून दोन जनावरं गळून पडतात: म्हैस आणि नर वासरू.

देशातल्या दुधापैकी 40 टक्क्यांहून जास्त दूध म्हशीचं आहे. महाराष्ट्रात 1976च्या कायद्याने गाईची आणि 2015च्या दुरुस्तीने बैल-वळूंची कत्तल बंद झाली. म्हैस-रेड्याची झाली नाही. आटलेली म्हैस खाटकाकडे जाते. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, आणि ती जनावरं दुधाच्याच गोठ्यांतून येतात.

नर वासराचा हिशोब पशुगणनेत आहे. 2019च्या गणनेत देशात गोवंश 19.25 कोटी, त्यात माद्या 14.51 कोटी, म्हणजे नर 4.74 कोटी. जन्मताना नर-मादी जवळपास निम्मे-निम्मे असतात. माद्या जास्त वर्षं पाळल्या जातात हे धरलं, तरी एवढी तफावत भरून निघत नाही. कारण साधं आहे. नांगराला ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याचा उपयोग संपला. त्याला रोज तीन लिटर दूध तीन महिने पाजलं तर 270 लिटर होतात; लिटरला 30 रुपये धरले तरी 8,100 रुपये. बाजारात त्याला तेवढे कोणी देत नाही. मग त्याला अर्धपोटी ठेवलं जातं, सोडून दिलं जातं किंवा गुपचूप विकलं जातं. त्याच गणनेत मोकाट गोवंश 50 लाखांवर होता. गाईचं नैसर्गिक आयुष्य 18-20 वर्षांचं. व्यावसायिक गोठ्यात चार-पाच वेतांनंतर ती परवडेनाशी होते. कत्तल थांबवली तरी भाकड गाईचा चारा कोण देणार, हे दुधाच्या पिशवीवरच्या किमतीत कुठेच धरलेलं नाही.

लिंगनिश्चित रेतमात्रांनी, म्हणजे मादीच जन्मावी म्हणून निवडलेल्या रेताने, सुमारे 90 टक्के कालवडी होतात, म्हणून हा प्रश्न सुटेल, असं सांगतात. त्याने गोऱ्हे कमी होतील, पण भाकड गाई तेवढ्याच वाढतील.

‘परदेशी खूळ.’ वीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारा, हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये घडला, आणि तोही दूध सोडणाऱ्या शाकाहाऱ्यांनी घडवला. शब्द तिकडचा असला तरी पिठलं-भाकरी, उसळ, आमटी-भात, नारळाच्या दुधाची सोलकढी, तिळगूळ हे सगळं इकडचंच आहे.

‘शेतकरी बुडेल.’ हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकणाऱ्या वीगन कार्यकर्त्यांशी आमचा वाद आहे. छोट्या शेतकऱ्याच्या घरात दर दहा दिवसांनी येणारे पैसे दुधाचेच असतात, आणि शेण-धार बहुधा बाईच करते. पण या धंद्याने त्याला सुरक्षित ठेवलं आहे, असंही नाही. गाईला जगण्यापुरता दीड-दोन किलो आणि वर दर लिटरमागे 400 ग्रॅम खुराक लागतो. खुराक महागला की मार्जिन तिथेच संपतं. जुलै 2018मध्ये लिटरमागे 5 रुपये अनुदानासाठी राज्यात दूध आंदोलन करावं लागलं. बदल एका रात्रीत होणार नाही. कृत्रिम रेतनाच्या गोठ्यात प्रत्येक वासरू 0.25 मिलिलिटरच्या एका नळीतून, कोणीतरी ठरवल्यावरच जन्माला येतं. मागणी जशी घटेल तशी ही नळी कमी वेळा भरली जाईल. लाखो गाई एका दिवसात रस्त्यावर येणार नाहीत. त्या काळात पाळलेल्या जनावरांच्या चाऱ्यासाठी आणि डाळी-तेलबियांच्या खरेदीसाठी सरकारी पैसा लागेल, आणि तो मागणं हे दूध सोडणाऱ्यांचंही काम आहे.

‘माणसं आजारी पडतील.’ बी-12 घेतलं नाही तर खरोखर पडतील. हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. इडलीचं आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिना यांवर विसंबू नये. पण एक कप दुधात ते जेमतेम एक मायक्रोग्रॅम असतं, रोजची गरज दोनाच्या वर आहे, आणि पुण्यातल्या अभ्यासांत दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. गोळीतलं बी-12 जिवाणूंकडून बनवलेलं असतं: रोज 50 ते 100 मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून दोनदा 1,000. पालेभाज्यांतल्या फोलेटमुळे रक्ताची तपासणी ठीक दिसू शकते आणि आत नसांची हानी चालू राहते. म्हणून हातापायाला मुंग्या यायची वाट पाहू नये. कॅल्शियमसाठी 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात 120. एका भाकरीला 50 ग्रॅम पीठ धरलं तर दोन भाकऱ्यांत एका मोठ्या पेल्याइतकं भरतं, पण नाचणीतल्या फायटेट या खनिजं बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे ते कमी शोषलं जातं. पीठ मोड आणलेल्या नाचणीचं घ्यावं. गरोदर बाई आणि दोन वर्षांखालचं मूल यांच्यासाठी मात्र बी-12, लोह आणि आयोडीन डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय दूध बंद करू नये.